धनगर : उत्पत्ती व मौखिक परंपरा

महाराष्ट्रातील एक पशुपालक समाज. भीमा व नीरा नद्यांच्या खोऱ्यांत, पळसदेवपासून बारामतीपर्यंतच्या मूळच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात त्यांची वस्ती मोठी आहे. ‘धनगर’ या नावाची व्युत्पत्ती ‘धेनु’ किंवा ‘धन’ या शब्दांवरून सांगतात. तथापि तीविषयी एकमत नाही. समाजाचा पूर्वेतिहास मुख्यत्वे सुंबरान मांडून गायिल्या जाणाऱ्या ओव्यांतून टिकला. मेंढरे वारुळातून निघाली व शिवाने ती धनगरांच्या स्वाधीन केली, अशी एक कथा आहे. जेजुरीच्या खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई धनगर होती. बिरोबा हे त्यांचे दैवत कर्नाटकातील कुरुबांमध्ये बीरप्पा म्हणून पूजिले जाते. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर (१९३४–९२) यांनी या परंपरांचे संकलन करून दख्खनच्या पशुपालकांचे परस्परसंबंध दाखविले. या कथांतून एकच मूळपुरुष वा मूलस्थान सिद्ध होत नाही; स्थलांतर आणि शेजार यांची स्मृती मात्र त्यांत आढळते.

कायद्याला मात्र निश्चित नाव लागते. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘धनगड’ म्हणजे धनगरच, ‘र’चा ‘ड’ झाला, असा समाजाचा दावा आहे. याच मागणीसाठी २०१४ मध्ये बारामतीत उपोषण झाले. धनगड हे छोटा नागपूरकडील कुडुखभाषक ओरांवांपैकी होत, असा प्रतिपक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा दावा अमान्य केला.