केबल स्ट्रीट भित्तिचित्र
पूर्व लंडनमधील जुन्या गोदीवस्तीच्या इतिहासातील एका दिवसाचे भव्य भित्तिचित्र. सेंट जॉर्जेस टाउन हॉलच्या बाजूच्या भिंतीवर ते रंगविले आहे. आयरिश गोदीकामगार व ज्यू स्थलांतरित यांच्या या भागातून ऑस्वल्ड मोझ्ली याच्या फॅसिस्ट संघटनेने ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोर्चा नेण्याचे ठरविले. वाट मोकळी करण्यास आलेल्या पोलिसांना रहिवाशांनी रस्त्यात अडथळे रचून रोखले. घोडेस्वारांच्या वाटेवर गोट्या पसरल्या, तर स्त्रियांनी खिडक्यांतून हाती लागेल ते फेकले. अखेर मोर्चा वळवावा लागला. खरी झुंज फॅसिस्टांपेक्षा पोलिसांशीच झाली, हे लोकस्मृतीत बहुधा मागे पडते. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने राजकीय गणवेशांवर बंदी आणली.

चित्राची मूळ योजना डेव्ह बिनिंग्टन याची. स्थानिक वृद्धांच्या आठवणी आणि तत्कालीन छायाचित्रे यांचा त्याने आधार घेतला. १९८२ मध्ये अपुऱ्या चित्रावर कडव्या उजव्यांनी घोषणा रंगविल्या. विषय केवळ भूतकाळाचा उरला नव्हता. बिनिंग्टनने काम सोडले व पॉल बटलर, डेझ्मंड रॉचफर्ट आणि रे वॉकर यांनी ते १९८३ मध्ये पुरे केले. मेक्सिकन भित्तिचित्रकलेचा प्रभाव त्यावर स्पष्ट दिसतो. घोडे, फलक व मुठी भोवऱ्याप्रमाणे फिरतात. त्यात एकही नायक नाही. २०११ मध्ये चित्राचे पुनरुज्जीवन करण्यात आले.