हार्वीचे बोट

पायातील खोल नीलेत रक्ताची गुठळी धरली आहे की नाही, याचा निर्वाळा देणाऱ्या सोनोग्राफीची वंशावळ सांगताना जाणकार मंडळी डॉप्लरचे १८४२ मधील जोडताऱ्यांवरील व्याख्यान, क्यूरी बंधूंचे १८८० मधील स्फटिक आणि ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उदराच्या प्रतिमा एवढे पूर्वज मोजून थांबतात. हे सारे पूर्वज यंत्राचे. तपासणीचा मूळपुरुष मला भेटला तो विल्यम हार्वीच्या रक्ताभिसरणावरील १६२८ च्या लॅटिन ग्रंथात.

त्यातील चित्रांत दंडाला पट्टी आवळून फुगविलेल्या नीला असून त्यांवर बोट टेकलेले आहे. एका बोटाने नीला दाबून धरून दुसऱ्याने रक्त झडपेपलीकडे सारले, की मधला भाग रिकामाच राहतो, आणि एवढ्यावरून रक्त हृदयाकडेच वाहते हे हार्वीने सिद्ध केले. हाताच्या रेखाटनाचे ऋण पडुआच्या फाब्रिकियस या त्याच्या गुरूचे, प्रयोग मात्र हार्वीचा. नीला दाबून तिला बोलके करण्याची ही वहिवाट पुढे ट्रेंडेलेनबुर्गने फुगलेल्या नीलांच्या परीक्षेत चालविली, आणि १९८२ मध्ये स्टीव्हन टॅलबट या तंत्रज्ञाने बोटाच्या जागी सोनोग्राफीचा प्रोब आणला. निरोगी नीला दाबताच चपटी होऊन तिच्या भिंती एकमेकींना भिडतात, शेजारची रोहिणी आपला आकार सोडत नाही, आणि गुठळी असलेली नीला दबण्याचे नाकारते.

डॉप्लरपक्षाचा दावा असा, की सिएटलच्या स्ट्रँडनेस यांनी १९६० च्या दशकातच डॉप्लर यंत्राने पायातील रक्तप्रवाह ऐकला होता. दावा खरा, पण अपुरा. कारण नीला अर्धवट अडविणाऱ्या गुठळीच्या कडेने रक्त वाहतच राहते आणि ऐकणारा फसतो. प्रतिमापक्षाची कैफियत त्याहून लंगडी आहे, कारण ताजी गुठळी पडद्यावर पुष्कळदा रक्तासारखीच काळी दिसते. उरतो तो दाबच, आणि म्हणून हार्वीचा वारसाहक्क मी निःसंशय मानतो.

लेन्सिंग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये २२० रुग्णांची जांघेत व गुडघ्यामागील लवणीत नीला दाबून, नंतर रंगद्रव्य टोचून काढलेल्या क्ष-किरण चित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा मांडी-गुडघ्याच्या नीलांतील गुठळ्यांचे ६६ पैकी ६६ रुग्ण ओळखले गेले. केवळ पोटरीत गुठळी असलेल्या ११ जणांपैकी मात्र ४ च सापडले. अशी निसटलेली गुठळी वर मांडीकडे वाढू शकते, म्हणूनच पहिली तपासणी निर्दोष निघूनही संशय उरला, तर आठवड्याने तीच नीला पुन्हा दाबून पाहतात.