वेस, नाका आणि परवाना : परभणी जिल्ह्यातील साथीच्या निर्बंधांचा इतिहास

साथीच्या काळात परक्या माणसाला काही दिवस वेगळे ठेवून मगच आत घ्यावयाचे, या रीतीचा जन्म समुद्रकाठी झाला. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या व्यापारी नगरराज्याने १३७७ मध्ये असा नियम केला की, रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने मर्कान या जवळच्या बेटावर अथवा त्साव्तात या गावी एक महिना काढल्यावाचून नगरात पाऊल ठेवू नये. पुढे तीस दिवसांचे चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द रूढ झाला. व्हेनिसने १४२३ मध्ये आपले पहिले लाझारेतो, म्हणजे साथीचे रुग्णालय, एका बेटावरच उभारले. या संपूर्ण व्यवस्थेमागे एक गृहीत आहे : आत येण्याच्या वाटा मोजक्या आहेत, त्या डोळ्यांसमोर आहेत आणि येणाऱ्याला थांबविण्यास पाण्याने वेढलेली जागा हाताशी आहे.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या पावसाळ्याचे चार महिने वाटा अडवितात, एरवी त्या पायउतार होतात. तरीही या भूभागाला किनारे होते. एक राज्याच्या सरहद्दीचा, दुसरा रेल्वे स्थानकाचा आणि तिसरा गावाच्या वेशीचा. या तिन्ही किनाऱ्यांवर येणाऱ्याला निरनिराळ्या भाषेत अडविले गेले, आणि त्या भाषांचा अभ्यास केल्यास निर्बंधांचा इतिहास बराच उलगडतो.

१९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. आजचा हिंगोली जिल्हाही तेव्हा त्यातच होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. उत्तरेस पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते. ते नावाने निजामाचे असले, तरी १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. म्हणजे परभणीच्या उत्तर सीमेवर एकाच धन्याच्या दोन मुलखांमध्ये दोन राजवटी समोरासमोर उभ्या होत्या. माल या सीमेवरून नेताना करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे संस्थानचे जकात खाते. प्रवासाच्या परवान्याला ‘राहदारी’ हा जुना फारसी शब्द मराठेशाहीच्या कागदपत्रांपासून मराठीत रुळला होता. ‘दस्तक’, ‘परवाना’, ‘दाखला’, ‘चौकी’, ‘पहारा’ हे शब्दही तसेच. हैदराबादेत १८८४ च्या सुमारास सरकारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि पटकीला ‘हैजा’, प्लेगला ‘ताऊन’ असे कागदोपत्री म्हटले जाऊ लागले. घरात मात्र पटकी ती मरी, प्लेग तो गाठीचा ताप आणि देवी त्या देवीच राहिल्या. कचेरीत एक नाव आणि चुलीपाशी दुसरे, अशी ही स्थिती होती. नाक्यावर अडविणारा शिपाई ज्या शब्दाने रोग ओळखी, त्या शब्दाने अडविला जाणारा माणूस तो ओळखीत नसे.

मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर प्लेग प्रकट झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. त्याच्या दुसऱ्या कलमान्वये रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि तपासणी अधिकाऱ्यास ज्याचा संशय येईल त्याला रुग्णालयात अथवा तात्पुरत्या निवासात वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या घेतल्या, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला. हा भाग सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. परभणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. निजामाच्या मुलखात तो आपोआप लागू होत नव्हता. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद हे ‘भाग ब’ मधील राज्य झाले आणि १९५६ च्या पुनर्रचनेच्या वेळी या अधिनियमाच्या विस्तार-कलमात असे शब्द आले की, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जे प्रदेश ‘भाग ब’ राज्यांत मोडत होते ते वगळून तो सर्व भारतास लागू राहील. हे शब्द २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने काढून टाकण्यात आले. केवळ केंद्रीय कायद्याच्या मजकुरापुरते बोलावयाचे, तर मराठवाडा या कायद्याच्या नकाशावर सहा दशकांहून अधिक काळ बेटासारखा बाजूला राहिलेला दिसतो. संस्थाने विलीन झाली, प्रांत मोडले, भाषिक राज्ये आली, परंतु निजामाच्या सरहद्दीची एक रेघ साथीच्या कायद्यात तशीच शिल्लक होती.

प्लेग मात्र कलमे वाचून थांबला नाही. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गे सिकंदराबादेस जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. मोंढ्यात येणारा कापूस आणि धान्य हिच्यामुळे मुंबईस जाऊ लागले, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर व पिसवाही फिरू लागल्या.

गावांनी जे केले ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. घरात उंदीर पडू लागले की संपूर्ण गाव घरे सोडून माळावर जाई आणि कुडाच्या झोपड्यांत महिना-दोन महिने राही. दख्खनच्या खेड्यांत ही रीत सर्वत्र दिसते. तत्कालीन वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही घरझडतीपेक्षा गाव रिकामे करणे अधिक गुणकारी मानले. प्लेगचे वाहन घरातील उंदीर असल्याने ही रीत शास्त्रशुद्धही ठरली. यातील सामाजिक मर्म असे की, येथे कोणा एकाला बाहेर काढले जात नसे. रोगी, निरोगी आणि संशयित सर्वच बाहेर असत; वेगळे पडत असे ते गाव, माणूस नव्हे.

पटकीच्या वेळची रीत याच्या उलट होती. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडावयाचा, म्हणजे आपली साथ दुसऱ्याकडे जाते, अशी समजूत होती. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर लोटावयाचा अथवा अडवून भांडण करावयाचे. साथीला हद्द असते आणि ती हद्दीपलीकडे ढकलली की आपण सुटलो, ही कल्पना केवळ अडाण्यांची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. जिल्ह्याच्या सीमेवर ट्रक आणि माणसे रोखणाऱ्या आधुनिक आदेशांत तिचा अंश सहज ओळखू येतो. येथेच हेही नमूद केले पाहिजे की, मरीआईचे ठाणे बहुधा गावकुसाबाहेर असे, तिची सेवा पोतराजाकडे असे, आणि मेलेली ढोरे ओढणे व साथीच्या काळातील अमंगल कामे गावकुसाबाहेरील वस्तीच्या वाट्याला येत. ज्यांना कोणत्याही तापावाचून पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ठेवले होते, त्यांनाच तापाच्या दिवसांत गावाच्या रक्षणासाठी बोलाविले जाई.

संसर्ग झाला नसताना ठराविक दिवस वेगळे राहण्याची एक कल्पना मराठी घरांत पूर्वापार होतीच. ती म्हणजे सुतक. मृत्यू झाला की निरोगी आप्त दहा दिवस स्पर्शापासून दूर राहतात, दिवस मोजले जातात, मुदत संपली की स्नानाने ते मोकळे होतात. त्यात दोषारोप नसतो, आणि मुदतीनंतर कोणी शंका घेत नाही. क्वारंटीनच्या मूळ कल्पनेला याहून जवळचा देशी प्रतिशब्द सापडणे कठीण. परंतु तो शब्द मृत्यूशी इतका बांधलेला आहे की, कोणत्याही सरकारने किंवा वैद्याने तो वापरला नाही, आणि ते योग्यच झाले. त्याची किंमत मात्र पुढे मोजावी लागली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला मराठीने ‘मानमोडी’ म्हटले. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगापुढे माळावरच्या झोपड्यांचा उपयोग नव्हता. त्याच वर्षी प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआच्या गव्हर्नराने येणाऱ्या बोटींवर कडक बंदी घातली आणि तेथे एकही माणूस या रोगाने मेला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुन’ ही एक बोट धक्क्याला लागली आणि लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा नष्ट झाला. बेटाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोन्ही गोष्टी एका आगबोटीच्या अंतरावर असतात.

२०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने मार्चच्या मध्यास जुन्याच अधिनियमाखाली कोविडचे विनियम काढले. परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचे ठरले. २३ मार्चला जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. त्या सुमारास चाचणीची सोय मोजक्या ठिकाणी असल्याने बाह्य जिल्ह्यांतील घशाच्या स्रावाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या दूरच्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागत. अहवाल येईपर्यंतचा काळ हाही एक न लिहिलेला क्वारंटीनच होता.

खेड्यांनी आपली वेस पुन्हा शोधून काढली. मराठवाड्यात ठिकठिकाणी रस्त्यावर काटेरी फांद्या, बैलगाड्या, दगड टाकून ‘गावबंदी’ झाली. पुण्यामुंबईहून परतलेला मुलगा शाळेच्या खोलीत राहू लागला. याच वेळी गंगाखेड, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीस गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर अडकली होती. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे निघणारा, ‘कोयता’ या नावाने मोजला जाणारा नवरा-बायकोचा जोड, उसाच्या पाचटाच्या कोपीत हंगाम काढतो. मार्च-एप्रिलमध्ये तो परततो. त्या वर्षी परतीची वाट बंद होती. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना गावी जाण्याची मुभा दिली. अट अशी की, कारखान्याच्या परिसरातील निवाऱ्यात त्यांचे १४ दिवस पूर्ण झालेले असावेत, आरोग्य तपासणी व्हावी आणि कारखान्याने प्रमाणपत्र द्यावे. राहदारीचा दाखला साखर कारखान्याच्या शिक्क्यानिशी परत आला.

अडचण शब्दांपाशी आली. शासकीय परिभाषेत संपर्कात आलेल्या निरोग्याला ठेवावयाचे ते ‘अलगीकरण’ आणि रोग्याला ठेवावयाचे ते ‘विलगीकरण’. दोन्ही शब्द संस्कृतोद्भव, दोन्ही नवे, आणि त्यांत भेद एका उपसर्गाचा. वृत्तपत्रांतच ‘गृह विलगीकरण’ हा शब्द दोन्ही अर्थांनी छापला जाऊ लागला, आणि बोलीत ‘क्वारंटाईन केला’ हे क्रियापद रोग झाल्याच्या अर्थी चालू लागले. १८९७ मध्ये मुंबई इलाख्यात रुग्णालय आणि संपर्कितांची छावणी यांतील भेद लोकांना पटला नव्हता. १२३ वर्षांनी परिस्थिती फारशी निराळी नव्हती. ज्याने १४ दिवस काढले आणि ज्याच्या खिशात प्रमाणपत्र होते तोही वेशीवर रोगीच ठरत होता, कारण ‘निरोगी परंतु थांबलेला’ या अर्थाचा शब्द गावाजवळ नव्हता. ज्याच्याजवळ होता तो सुतकाचा. तो उच्चारणे शक्य नव्हते.

त्याच महिन्यांत लक्षद्वीपमध्ये वेगळे घडत होते. तेथे जाणाऱ्याला प्रथम कोचीत थांबावे लागे, चाचणी द्यावी लागे, बेटावर उतरल्यावर पुन्हा घरात वेगळे राहावे लागे. संपूर्ण २०२० साली त्या द्वीपसमूहात एकही रुग्ण आढळला नाही. डिसेंबरअखेर नियम सैल झाले आणि १८ जानेवारी २०२१ रोजी पहिल्या रुग्णाची नोंद झाली. तेथील यशाचे श्रेय केवळ पाण्याला देणे चुकीचे होईल. कोचीत थांबणाऱ्याला आपण कशासाठी, किती दिवस आणि कोणाच्या खर्चाने थांबलो आहोत हे ठाऊक होते, आणि बेटावर जाण्याचे दार एकच असल्याने ते चुकवून जाण्याचा मार्ग नव्हता.

मराठवाड्यात मार्ग होता, आणि तो रेल्वेचा रूळ होता. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे जाण्यास निघाले. पाससाठी अर्ज करूनही उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. रस्त्यावर नाके होते, म्हणून ते रुळांवरून चालत गेले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. परभणीहून मनमाडकडे जाणारी, प्लेगच्या काळात बांधलेली, तीच ही वाट. आंतरजिल्हा प्रवासाच्या ई-पासची अट २ सप्टेंबर २०२० पासून उठविण्यात आली.