केंद्रकाच्या वेशीवरील बंदोबस्त

पाव फुगविणारे यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. परंतु त्या सूक्ष्म देहातही चोख राज्यकारभार चालतो. पेशीच्या केंद्रकात जनुकांचे दप्तर असते आणि त्यातील कोणते पान केव्हा वाचावयाचे, हे काही विशिष्ट प्रथिने ठरवितात. ही प्रथिने घडतात मात्र केंद्रकाबाहेर. आवरणातील रंध्रे ही त्यांची वेस. त्या वेशीवरील बंदोबस्ताचा उलगडा होण्यास सुमारे पाव शतक लागले.

आरंभ जपानात झाला. यीस्टला जगण्यासाठी फॉस्फेट लागते. त्याची टंचाई पडली की पेशी आम्ल फॉस्फटेज हे विकर निर्माण करते आणि भोवतालच्या पदार्थांतून फॉस्फेट सोडवून घेते. सुकाळात ही खटपट म्हणजे व्यर्थ खर्च. ओसाका विद्यापीठात यासुजी ओशिमा, अकिओ तोहे व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात बिघडलेले यीस्ट निवडून काढले. काही टंचाईतही विकर करीनात, तर काही सुकाळातही थांबेनात. या बिघाडांवरून हुकमांची साखळी जुळविण्यात आली. तिच्या अखेरीस होते फो-४ हे प्रथिन. विकराचे जनुक जागे करणारे तेच.

मग सुकाळात हे फो-४ स्वस्थ का बसते? अमेरिकेत एरिन ओशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले की, फो-८० व फो-८५ ही जोडी त्यावर फॉस्फेटचीच मुद्रा उमटविते. १९९६ मध्ये मुद्रेचा परिणामही कळला : मुद्रांकित फो-४ केंद्रकाबाहेर राहते, मुद्रारहित आत राहते. १९९८ मध्ये वाहक सापडले. पीएसई-१ मुद्रारहित फो-४ ला आत नेते, एमएसएन-५ मुद्रांकिताला बाहेर काढते.

१९९९ मध्ये अरश कोमेली व ओशे यांनी एकेका मुद्रेचे काम वेगळे करून दाखविले. काही मुद्रा बाहेर धाडतात, एक आत येऊ देत नाही आणि आणखी एक फो-२ या साथीदाराशी हातमिळवणी होऊ देत नाही. म्हणून वेशीवरील दोन्ही अडसर निखळले, तरी सुकाळात जनुक जागे होत नाही. तिसरा अडसर टिकून असतो.

ही केवळ यीस्टची नवलकथा नव्हे. माणसाच्या श्वेतपेशींतही एनफॅट हे प्रथिन फॉस्फेटच्या मुद्रांमुळे केंद्रकाबाहेर थोपविलेले असते. कॅल्सिन्युरिन त्या मुद्रा पुसते, तेव्हा ते आत शिरून परक्या पेशींवरील हल्ल्याची सिद्धता करते. सायक्लोस्पोरिन हे औषध हे पुसणे रोखते, आणि परक्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या देहात टिकू शकते. वेशीवरची एक मुद्रा पुसली जाते की राहते, यावर कधी कधी एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते.