एकाच सुईत तीन विषाणू : फ्लूच्या लशीचा इतिहास

१/६ ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तो पुण्यात. त्या काळच्या हंगामी लशीत एच१एन१ हा प्रकार होताच! मग ती लस निरुपयोगी का ठरली?

२/६ असाच धक्का १९४७ मध्ये बसला होता. माणसातील फ्लूचा ‘ए’ विषाणू १९३३ मध्ये हाती लागला, ‘बी’ १९४० मध्ये. अमेरिकेने दोहोंची मिळून लस केली. पण १९४७ मध्ये ‘ए’ने रूप पालटले आणि लस निष्प्रभ झाली.

३/६ लस शरीराला विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची ओळख करून देते. त्या ओळखीतून घडलेली प्रतिपिंडे वेगळ्या प्रकारावर फारशी चालत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकाराचा अंश लशीत स्वतंत्रपणे घालावा लागतो.

४/६ १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे जाळे देशोदेशीचे नमुने तपासते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्याच जाळ्यातली. लशीतील घटक वर्षातून दोनदा ठरतात, दोन गोलार्धांसाठी.

५/६ २००९चा विषाणू डुकरांतील विषाणूंच्या संकरातून आलेला. नाव तेच, रूप परके. २०१० मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर नाकात फवारण्याची लस आणली. हंगामी लशीतही जुन्या एच१एन१ची जागा नव्याने घेतली.

६/६ ही यादी घटतेही. ‘बी’ची यामागाता शाखा मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेली नाही, त्यामुळे चार घटकांची लस पुन्हा तीनवर येत आहे. शत्रू वेष बदलतो, म्हणून गतवर्षीच्या लशीवर यंदा विसंबता येत नाही.