एका खड्ड्याचा इतिहास

खड्डा या विषयावर विश्रांतवाडीच्या माणसाने लिहायचे नाही, तर मग कुणी? आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आमच्याच चौकातून पुण्यात शिरते. तिच्या आधी रस्ता गुळगुळीत होतो आणि पुढच्या पावसात मूळ पदावर येतो. त्यामुळे पडणे आणि उठणे या दोन्ही विषयांत आमचा व्यासंग दांडगा! तरीपण सर्वांत बदनाम खड्डा आमच्याकडचा नाही, हे सांगताना जीभ जड होते. तो अमेरिकेतला, आणि तोसुद्धा व्हिडिओ गेममधला.

१९८२ साली स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’ सिनेमाने लोकांना रडवले. अटारी कंपनीने त्यावर खेळ काढायचे ठरवले. हक्कांचा सौदा जुलै संपता संपता झाला, आणि नाताळात माल दुकानात हवा! हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तयारीच्या गड्याच्या हाती उरले जेमतेम पाच आठवडे. अहो, पाच आठवड्यांत आमच्याकडे लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’वाल्या पोरांची नावेसुद्धा ठरत नाहीत. पठ्ठ्याने अख्खा खेळ उभा केला.

पण खेळात खड्डे होते. ई. टी.ने त्यांत उतरून टेलिफोनचे सुटे भाग शोधायचे, असा मामला. बिचारा उतरायचा कमी आणि पडायचाच जास्त. मान लांब करून वर यावे, की पुन्हा धपकन् आत! पोरे वैतागली. सुमारे ४० लाख कॅसेटी काढलेल्या, त्यांतल्या ढिगाने पडून राहिल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने नको झालेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला आणि वर काँक्रीट ओतले. खड्ड्यांचा खेळ खड्ड्यातच गेला म्हणायचा.

पुढे तीसेक वर्षे ‘जगातला सर्वांत भिकार खेळ’ हे बिरूद त्याला चिकटले. ज्यांनी तो कधी हातात धरला नव्हता त्यांनीही यथेच्छ शिव्या दिल्या. न पाहिलेल्या नाटकावर ठाम मत देणे ही फक्त पुण्याची मक्तेदारी नाही, हे कळल्यावर मला जरा बरेच वाटले.

मग २०१३ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरला हा खेळ दुरुस्त करायची लहर आली. कुणी सांगितले नव्हते, दमडी मिळायची नव्हती. ‘कुणाची चूक?’ हा आपला आवडता प्रश्न सोडून तो ‘पडतो का?’ एवढेच बघत बसला. तर गंमत अशी, की ई. टी.चे पाय काठावर पक्के असले, तरी डोक्याचा एखादा ठिपका खड्ड्याच्या चित्राला टेकला की यंत्र म्हणे, पडला! याने फक्त पायांचा हिशेब धरायला लावला. हिरव्या ई. टी.चा रंगही सिनेमातल्यासारखा तपकिरी केला. थोडे आकडे बदलले आणि खेळ खेळण्याजोगा झाला. पुढे २६ एप्रिल २०१४ रोजी तो पुरलेला मालही उकरून काढण्यात आला.

पुण्यातही असा चिवटपणा आहे बरं का! इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या मंडळींनी २०१७ मध्ये ‘राजी’ या खेळासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाही. तरी २०२० मध्ये खेळ आला. चित्रांचे कौतुक झाले, पण हाणामारीत गोम निघाली आणि शेवट अर्धवट वाटला. मंडळी रुसून बसली नाहीत. २०२२ मध्ये हाणामारी घासूनपुसून, हिंदी आवाज घालून त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली. आपले अपत्य आहे म्हटल्यावर एवढे माणूस करतोच. त्या हौशी प्रोग्रॅमरने मात्र दुसऱ्याचे टाकलेले पोर उचलून न्हाऊमाखू घातले.

वॉरशॉचे पुढे काय झाले म्हणता? तो मानसोपचाराच्या धंद्यात शिरला. खड्ड्यात पडलेल्याला ‘पाय कुठे आहेत ते बघ’ एवढे सांगायला त्याच्याइतका अनुभवी माणूस शोधून सापडायचा नाही.