गाण्यासोबत आलेलं कार्ड

केपॉपचा, म्हणजे कोरियन पॉपचा, नवा अल्बम हातात पडला की बहुतेक चाहते आधी सीडीला हात लावत नाहीत. वरचं पातळ प्लॅस्टिक काढायचं, जाडजूड फोटोबुकाची पानं सावकाश उलटायची आणि कार्ड कुठे दडलंय ते शोधायचं. कित्येकजणी ते मुद्दाम पालथं बाहेर काढतात, क्षणभर थांबतात आणि मग सुलटं करतात. साधारण ५५ बाय ८५ मिलिमीटरचा तुकडा, गोलसर कोपरे, एका बाजूला गटातल्या एका कलाकाराचा सेल्फी. कोरियन मुली त्याला ‘पोका’ म्हणतात, बाकीचं जग फोटोकार्ड म्हणतं. अल्बम कोणत्या गटाचा ते ठाऊक असतं, पण कार्ड कोणाचं निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही.

मालासोबत चित्र देण्याची युक्ती तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲलन अँड गिंटरसारख्या कंपन्या सिगारेटच्या पाकिटात नट्यांची आणि खेळाडूंची कार्डं घालत. मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा लागायचाच. त्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं आणि लोक ते जमवू लागले. जपानमध्ये कॅल्बी कंपनीने १९७३मध्ये वेफर्ससोबत बेसबॉल खेळाडूंची कार्डं द्यायला सुरुवात केली. पण पोकाची खरी आजी मला कोरियातच सापडते, शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात. तिथे ‘चेकबात्छिम’ मिळायचं. लिहिताना वहीच्या पानाखाली घालायची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे खालच्या पानावर अक्षरं उमटत नाहीत. १९८०च्या दशकात त्या पट्टीवर सोफी मार्सो, ब्रुक शील्ड्स आणि फीबी केट्स या परदेशी नट्यांचे चेहरे आले आणि शाळेच्या वस्तूची जपून ठेवायची वस्तू झाली. आवडता चेहरा दप्तरातून रोज सोबत न्यायचा, ही सवय तिथली. सिगारेटच्या कार्डात ती नव्हती.

हा चेहरा सीडीच्या वेष्टनात शिरला तो मात्र संकटामुळे. १९९०च्या दशकात कोरियात दहा लाख प्रती खपणारे अल्बम निघत. २०००मध्ये सोरिबादा ही इंटरनेट सेवा आली. तिच्यावरून गाण्यांच्या फायली लोक एकमेकांना फुकट देऊ लागले. मग मोबाइलवर आणि इंटरनेटवर गाणी ऐकण्याच्या स्वस्त सेवा आल्या आणि सीडीचा धंदा बसला. २००१मध्ये जीओडी या गटाच्या अल्बमने दहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. त्यानंतर तो टप्पा पुन्हा गाठायला २०१३मध्ये एक्सो या गटाचा अल्बम यावा लागला. मधली बारा वर्षं कंपन्यांपुढे एकच प्रश्न होता: गाणं सगळीकडे मिळतंय, मग सीडी कोणी का घ्यावी?

उत्तर मुलींच्या एका गटाच्या अल्बममधून आलं. एसएम एंटरटेनमेंटने २००७मध्ये आणलेल्या ‘गर्ल्स जनरेशन’मध्ये नऊ मुली होत्या. २००९च्या ‘जी’ या गाण्याने केबीएस वाहिनीच्या ‘म्यूझिक बँक’ कार्यक्रमात सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक राखला. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१०मध्ये, त्यांचा दुसरा मोठा अल्बम ‘ओ!’ आला. प्रत्येक प्रतीत नऊजणींपैकी एकीचं कार्ड होतं, कोणाचं ते नशिबावर. केपॉपमधल्या फोटोकार्डाचा जन्म चाहते तिथपासून मोजतात.

ही कल्पना किती पक्की होती ते हिशोब मांडला की कळतं. नऊही कार्डं सारख्याच संख्येने छापली आहेत असं धरू. वेगवेगळी तीन कार्डं मिळायला सरासरी साडेतीनच्या आतच अल्बम पुरतात. सुरुवात अशी सोपी असते. पण आठ जमली आणि एकच राहिलं, तर त्या एकट्यासाठी सरासरी नऊ अल्बम घ्यावे लागतात. संपूर्ण संच एकटीने जमवायचा तर सरासरी २५ ते २६ अल्बम. हा हिशोब एकाच आवृत्तीचा. पुढे एकेक अल्बम तीन-तीन, चार-चार मुखपृष्ठांनी निघू लागला, दुकानागणिक आगाऊ नोंदणीचं वेगळं कार्ड मिळू लागलं. मग एकटीच्या खिशाला संच झेपणं शक्यच नव्हतं.

म्हणून अदलाबदल सुरू झाली. कार्ड कंपनीने छापलं, पण त्याभोवतीचे रीतिरिवाज चाहत्यांनी घडवले, आणि मला या कुळकथेत सर्वांत मोलाचं तेच वाटतं. कार्ड बदलायचं असेल तर स्वतःचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्याशेजारी ठेवून फोटो पाठवायचा. वस्तू खरोखर तुमच्या हातात आहे याचा तो पुरावा. मग कार्ड दिव्याखाली तिरपं करून छोटा व्हिडिओ काढायचा, म्हणजे सरळ फोटोत न दिसणारे ओरखडे दिसतात. कोपरा दबला असेल तर आधीच सांगायचं. पाठवताना कार्ड पातळ स्लीव्हमध्ये, स्लीव्ह कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये, तोंडाला टेप, दोन्ही बाजूंना पुठ्ठा. सोबत स्टिकर किंवा गोळी-चॉकलेट न मागता घालायचं. कधी न भेटलेल्या दोन शाळकरी मुली केवळ शब्दावर एकमेकींना कार्डं पाठवतात आणि बहुतेक वेळा व्यवहार चोख होतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या मुली ग्रुप ऑर्डर करतात: अल्बम एकत्र मागवायचे, टपाल आणि कस्टमचा खर्च वाटून घ्यायचा, कार्डं जिची तिला.

यातून सीडीचा खप असा वाढला की कोणाला खरं वाटलं नसतं. जुलै २०२२मध्ये एस्पा या गटाच्या ‘गर्ल्स’ अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ११ लाखांहून अधिक प्रती गेल्या. मुलींच्या गटाने आठवड्यात दहा लाख ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. पण या आकड्यात एकेकीने घेतलेल्या अनेक प्रती आहेत. कलाकाराला समोरासमोर भेटून सही घेण्याच्या कार्यक्रमाची सोडत अल्बमच्या खरेदीवर निघते: जितके अल्बम, तितक्या चिठ्ठ्या. कोविडमध्ये ही भेट व्हिडिओ कॉलवर आली आणि परदेशातल्या मुलीही सोडतीत उतरल्या. कार्ड काढून घेतल्यावर मागे उरतं ते प्लॅस्टिक. कोरियाच्या पर्यावरण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार मनोरंजन कंपन्यांनी वापरलेलं प्लॅस्टिक २०१७मध्ये सुमारे ५६ टन होतं, २०२२मध्ये ८०० टनांवर गेलं. याविरुद्ध ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ या गटाने २०२१पासून आवाज उठवला, आणि तो गट चाहत्यांचाच आहे. काही कंपन्यांनी आता सीडीऐवजी क्यूआर कोड आणि कार्डं एवढंच असलेले छोटे अल्बम काढले आहेत. पाऊल योग्य आहे. पण कार्ड कोणाचं निघेल ते झाकलेलंच ठेवलं, तर खरेदीचा हव्यास तसाच राहतो. कोणतं कार्ड हवं ते निवडून घेण्याची सोय कंपन्यांनी द्यायला हवी. पंधरा वर्षं ज्यांनी हा धंदा तगवला, त्या मुलींचा तेवढा हक्क आहे.

तोवर, पहिला अल्बम घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, ५५च्या गठ्ठ्यात येणारी ‘लोमो कार्डं’ अल्बममधली नसतात. भिंतीवर लावायला घ्या, पण अदलाबदलीत देऊ नका. आणि अल्बम एकच घ्या. नको असलेलं कार्ड निघालं तर दुसरा विकत घेण्याआधी विचारून पाहा. तुमच्या हातातलं कार्ड कोणीतरी शोधत असतंच.